कूर्चा झिजते, पण भरून का येत नाही? आणि ती प्रयोगशाळेत घडवणं इतकं अवघड का?

गुडघा दुखतो म्हणून एक्स-रे काढला की डॉक्टर फिल्म उजेडात धरतात आणि मांडीचं हाड व नडगीचं हाड यांच्यामधल्या काळ्या फटीवर बोट ठेवतात. "फट कमी झालीय, गादी झिजलीय." ती फट खरं तर रिकामी नसते. तिथे दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचा थर असतो. कूर्चेत कॅल्शियमचे क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे क्ष-किरण तिच्यातून आरपार जातात आणि फिल्मवर ती उमटतच नाही. डॉक्टर अंदाज बांधतात तो या न दिसणाऱ्या थराच्या जाडीचा, दोन हाडांमधल्या अंतरावरून.

हे ऐकून घरी आलेल्या माणसाला पुढचा प्रश्न पडतो तो अगदी रास्त आहे. खरचटलेली कातडी भरून येते, मोडलेलं हाड दीड-दोन महिन्यांत सांधतं, यकृताचा तुकडा दान केला तरी उरलेलं यकृत वाढतं. मग दोन-चार मिलिमीटर जाडीचा हा थर का भरून येऊ नये? आणि येत नसेल तर बाहेर तयार करून आत बसवता येणार नाही का? बसवता येतो. माणसाच्या स्वतःच्या पेशी वाढवून त्याच्याच गुडघ्यात सोडायला १९८७ मध्ये सुरुवात झाली. तरीही ज्यांचा गुडघा पार झिजला आहे त्यांच्यावर आजही धातू आणि प्लास्टिकचा सांधा बसवण्याचीच वेळ येते. याचं कारण समजून घ्यायचं तर आधी कूर्चेची घडण पाहावी लागते. तिचं बळ आणि तिची हतबलता, दोन्ही त्याच घडणीतून आली आहेत.

आत काय असतं

कच्च्या मटणात एखादा सांधा उघडा पडलेला पाहिला असेल, तर हाडाच्या टोकावरचा निळसर पांढरा, ओलसर चकाकणारा थर आठवेल. नखाने दाबला तर किंचित दबतो आणि सोडल्यावर परत येतो. त्यावरून बोट फिरवलं तर सटकतं. सुरीने पातळ काप काढला तरी त्यातून रक्ताचा टिपूस येत नाही, कारण तिथे रक्तवाहिनीच नसते. मज्जातंतूही नसतात. हीच सांध्यातली कूर्चा. नाकाचा शेंडा, श्वासनलिकेच्या कड्या आणि बरगड्यांची पुढची टोकं याच जातीच्या कूर्चेची असतात. कानाचा वरचा भाग वाकवला तरी परत जागेवर येतो, कारण तिथल्या कूर्चेत लवचीक तंतू जास्त असतात. गुडघ्यातला मेनिस्कस (दोन हाडांमधली चंद्रकोरीच्या आकाराची चकती) आणि मणक्यांमधल्या चकत्या तिसऱ्या, जास्त धागेदार प्रकारात मोडतात. मेनिस्कस फाटणं आणि कूर्चा झिजणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांचे उपचारही वेगळे. रिपोर्ट हातात आल्यावर नेमकं काय झालं आहे हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

सांध्यातल्या कूर्चेच्या वजनापैकी ६५ ते ८० टक्के निव्वळ पाणी असतं. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पडतो. इतकं पाणी असलेला पदार्थ वर्षानुवर्षं हा भार पेलतो कसा?

पाण्याला धरून ठेवणारे दोन घटक आहेत. पहिला अ‍ॅग्रेकन नावाचा प्रचंड मोठा रेणू. त्याला शेकडो शर्करासाखळ्या चिकटलेल्या असतात आणि त्या साखळ्यांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, शिवाय सोडियमचे धन आयन आणि त्यांच्याबरोबर पाणी आत ओढून घेतात. म्हणजे अ‍ॅग्रेकन सतत फुगायला बघतो. त्याला फुगू देत नाही तो दुसरा घटक, टाइप २ कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची जाळी. कोरडे हरभरे फडक्यात अगदी घट्ट बांधून पाण्यात टाकले तर ते फुगून फडक्याला आतून रेटतात आणि ती पुरचुंडी दगडासारखी टणक होते. कूर्चा जन्मभर अशा ताणात असते.

त्यात पाऊल टेकलं की पाण्यावर दाब येतो. पाणी बाहेर पळू पाहतं, पण जाळीतली छिद्रं इतकी बारीक असतात की ते पटकन निसटू शकत नाही. अडकलेलं पाणीच सुरुवातीचा बहुतेक भार उचलतं आणि पेशी व तंतूंवर फारसा ताण येत नाही. बराच वेळ भार राहिला तर पाणी हळूहळू पाझरतं आणि कूर्चा पातळ होते. लागोपाठ उठाबशा काढायला लावून एमआरआय केला तेव्हा गुडघ्याच्या वाटीमागच्या कूर्चेचं आकारमान काही टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, आणि ते पूर्ववत व्हायला तासाहून जास्त वेळ लागला. वाटीमागची ही कूर्चा शरीरातली सगळ्यात जाड, काही ठिकाणी ५ मिलिमीटरहून अधिक.

कोलॅजेनचे तंतूही कसेही पसरलेले नसतात. पृष्ठभागाशी ते आडवे असतात, घासण्याला तोंड द्यायला. मध्यभागी तिरके होतात. तळाशी उभे राहून खालच्या चुनखडी थरात आणि त्याखालच्या हाडात रुततात. चार मिलिमीटरच्या जाडीत तीन वेगवेगळ्या रचना आणि त्यांच्यामध्ये कुठेही सांधा नाही. प्रयोगशाळेत कूर्चा करणाऱ्यांना ही रचना आजवर हुबेहूब साधलेली नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

भरून का येत नाही

जखम भरायची तर आधी रक्त यावं लागतं. रक्त गोठतं, त्या गाठीतून पेशींना बोलावणारे रासायनिक संकेत सुटतात, आजूबाजूच्या पेशी सरकत येतात, नव्या केशवाहिन्या फुटतात. कूर्चेला कापलं तर यातलं पहिलं पाऊलही पडत नाही. तिच्यातल्या पेशी म्हणजे कूर्चापेशी. प्रौढ माणसाच्या गुडघ्यात त्यांचा वाटा आकारमानाच्या २ टक्क्यांच्या आसपास. प्रत्येक पेशी आपल्या कोनाड्यात दाट जाळीने वेढलेली, त्यामुळे शेजारी भगदाड पडलं तरी ती सरकून तिथे जाऊ शकत नाही. तिचं अन्न सांध्यातल्या वंगणद्रवातून पाझरत येतं, तेही पायावर भार पडून उतरला की द्रवाची जी ये-जा होते तिच्या मदतीने. प्राणवायू तुटपुंजा. या पेशींनी तेवढ्यात भागवायची सवय करून घेतली आहे, पण भागवणं वेगळं आणि नवं बांधकाम काढणं वेगळं.

स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर सांध्यांच्या रचनेवर निबंध मांडला. कूर्चेचा व्रण हाडाच्या व्रणापेक्षा बरा व्हायला अवघड असतो आणि एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, ही सर्वमान्य गोष्ट असल्याचं त्यांनी त्यात नोंदवलं. त्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली. त्यांचं म्हणणं किती अक्षरशः खरं आहे हे २०१६ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दाखवलं, आणि त्यांची पद्धत विलक्षण होती.

१९५० च्या दशकात आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका, सोव्हिएत संघ आणि इतर देशांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या. त्यामुळे हवेतलं किरणोत्सारी कार्बन-१४ चं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. १९६३ मध्ये उघड्यावरच्या चाचण्यांवर बंदीचा करार झाला आणि ते प्रमाण वर्षागणिक उतरत गेलं. हवेतला कार्बन झाडांत जातो, झाडांतून अन्नात, अन्नातून आपल्या शरीरात. म्हणून शरीरातला एखादा पदार्थ कोणत्या साली तयार झाला, हे त्यातल्या कार्बन-१४ वरून सांगता येतं. संशोधकांनी वेगवेगळ्या साली जन्मलेल्या माणसांच्या गुडघ्यांतली कूर्चा तपासली. तिच्या कोलॅजेनमधला कार्बन त्या माणसाच्या बालपणीचा आणि पौगंडावस्थेतला निघाला. वाढ थांबल्यानंतर कोलॅजेनची जाळी नव्याने विणली गेल्याची खूण सापडली नाही. निरोगी गुडघ्यात नाही, संधिवात झालेल्या गुडघ्यातही नाही. अ‍ॅग्रेकनच्या शर्करासाखळ्या मात्र त्यामानाने बदलत राहतात.

म्हणजे सत्तरीतल्या आजीच्या गुडघ्यात आज जी जाळी आहे, ती तिच्या शाळकरी वयात विणलेली आहे. हे कळल्यावर मला गुडघेदुखीकडे बघताना "एवढ्यात कसे झिजले" यापेक्षा "इतकी वर्षं टिकले कसे" याचं नवल वाटू लागलं.

आधी भोकं पाडून पाहिली

कूर्चेत रक्त येत नसेल तर खालच्या हाडातून आणावं, असा शल्यविशारदांचा पहिला विचार. ब्रिस्टलच्या केनेथ प्रायडी यांनी १९५९ मध्ये हाडाला ड्रिलने छिद्रं पाडायची पद्धत मांडली. अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी तिचं सुधारलेलं रूप रूढ केलं, ते मायक्रोफ्रॅक्चर. दुर्बिणीतून टोकदार हत्यार आत घालून हाडाला बारीक छिद्रं पाडायची, मज्जेतलं रक्त आणि मूलपेशी (स्टेम सेल, ज्यांतून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात) वर येऊ द्यायच्या. भगदाड भरतं, पण त्यात तयार होतो तो धागेदार भराव. त्यात टाइप २ ऐवजी टाइप १ कोलॅजेन जास्त, जे कातडीत आणि व्रणात असतं. काही वर्षं आराम पडतो, पुढे अनेकांमध्ये तो ओसरतो. हंगेरीच्या लास्लो हँगोडी यांनी १९९० च्या दशकात सांध्याच्या कमी भार असलेल्या कडेवरून हाडासकट कूर्चेच्या गोल खुंट्या काढून भगदाडात बसवल्या. ती खरी कूर्चा असते हा मोठा फायदा, पण दुसऱ्या जागेवरून किती काढणार याला मर्यादा येते.

गोथेनबर्गमधल्या २३ रुग्णांची गोष्ट

ऑक्टोबर १९९४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधून एक निबंध आला. लेखक मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि सहकारी. २३ रुग्ण, वय १४ ते ४८, सगळ्यांच्या गुडघ्यात कूर्चेचं खोल भगदाड.

पद्धत अशी. दुर्बिणीतून सांध्याच्या फारसा भार न येणाऱ्या कडेवरून कूर्चेचे काही पातळ काप घ्यायचे, वजन फार तर काही शे मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत ते बारीक चिरून कोलॅजेन पचवणाऱ्या विकरात ठेवायचे. जाळी विरघळते आणि आयुष्यभर कोंडलेल्या पेशी मोकळ्या होतात. त्या पोषक द्रवात, रुग्णाच्याच रक्तातलं सीरम घालून, बशीच्या तळावर दोन-तीन आठवडे वाढवायच्या. मग गुडघा उघडायचा, भगदाडाच्या कडा निरोगी कूर्चेपर्यंत साफ करायच्या, नडगीच्या हाडावरचं पातळ आवरण काढून ते भगदाडावर बारीक टाके घालून शिवायचं आणि त्याखाली सुईने पेशींचा द्रव सोडायचा. टाके इतके घट्ट हवेत की द्रव बाहेर झिरपता कामा नये.

मांडीच्या हाडाच्या टोकावर भगदाड होतं अशा १६ पैकी १४ जणांचा निकाल दोन वर्षांनी चांगला ते उत्तम होता. वाटीमागे भगदाड असलेल्या ७ पैकी फक्त दोघांचा. जागा बदलली की भाराची तऱ्हा बदलते आणि निकालही.

कोंडून राहिलेल्या पेशींना मोकळं केलं तर त्या पुन्हा वाढतात आणि काम करतात, हे या निबंधाने दाखवलं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने कार्टिसेल या नावाने अशा पेशींना मान्यता दिली. हाडाचं आवरण वापरल्याने काहींच्या गुडघ्यात भराव प्रमाणाबाहेर वाढायचा, म्हणून पुढे डुकराच्या कोलॅजेनच्या पातळ पडद्यावर पेशी पेरून तो पडदाच भगदाडाच्या मापाने कापून चिकटवायची रीत आली. दर चौरस सेंटीमीटरला ५ ते १० लाख पेशी. मॅकी नावाच्या या उपचाराला एफडीएची मान्यता डिसेंबर २०१६ मध्ये मिळाली.

पण कौतुकाबरोबर दुसरी बाजूही सांगायला हवी. नॉर्वेत ८० रुग्णांची चाचणी झाली, निम्म्यांना पेशी आणि निम्म्यांना मायक्रोफ्रॅक्चर. दोन वर्षांनी, पाच वर्षांनी आणि पंधरा वर्षांच्या आसपास पाहिलं तेव्हाही दोन गटांत ठळक फरक नव्हता. शेवटच्या तपासणीत दोन्ही गटांत जवळपास निम्म्या लोकांच्या एक्स-रेत संधिवाताची सुरुवात दिसत होती. त्याउलट, मॅकीच्या १४४ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत ३ चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी भगदाडं निवडली होती, आणि तिथे दोन वर्षांनी पेशींचा गट वेदना आणि हालचालीत पुढे होता. मोठ्या भगदाडाला पेशींचा उपयोग जास्त, असा अर्थ मी तरी यातून घेतो.

बशीत पेशी आपलं काम विसरतात

गोथेनबर्गच्या पद्धतीत एक मूळची अडचण दडलेली आहे. कूर्चापेशी सपाट बशीवर वाढवल्या की त्या भराभर विभागतात, पण विभागताना बदलतात. गोल असलेल्या पेशी चपट्या, लांबुळक्या होतात आणि टाइप २ ऐवजी टाइप १ कोलॅजेन बनवू लागतात. थोडक्यात, त्या कूर्चा बनवायचं सोडून व्रण बनवणाऱ्या पेशींसारख्या वागतात. १९८२ मध्ये बेन्या आणि शॅफर या अमेरिकी संशोधकांनी अशा बदललेल्या पेशी अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये ठेवल्या. जेलमध्ये त्या पसरू शकत नव्हत्या, पुन्हा गोल झाल्या आणि पुन्हा टाइप २ कोलॅजेन बनवू लागल्या. पेशीला कोणत्या जागेत ठेवलं आहे यावर ती काय बनवणार हे ठरतं, हा टिश्यू इंजिनिअरिंगचा, म्हणजे प्रयोगशाळेत ऊती घडवण्याच्या शास्त्राचा, पाया आहे.

या शास्त्राची मांडणी १९९३ मध्ये रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हॅकांटी यांच्या निबंधाने जगभर पोचली. पेशी घ्यायच्या, त्यांना आकार आणि आधार देणारी जाळी घ्यायची आणि वाढीचे योग्य संकेत द्यायचे. कालांतराने आधारजाळी विरघळून जावी आणि तिच्या जागी पेशींनी स्वतः विणलेली ऊती उरावी. पाठीवर माणसाचा कान असलेला उंदीर अनेकांनी फोटोत पाहिला असेल. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात वासराच्या कूर्चापेशी कानाच्या आकाराच्या, विरघळणाऱ्या प्लास्टिकच्या जाळीवर पेरून उंदराच्या कातडीखाली ठेवल्या होत्या. त्या उंदराच्या जनुकांत काहीही बदल केलेला नव्हता. तेव्हा झालेला बराचसा विरोध त्या गैरसमजातून होता. २०१८ मध्ये चिनी संशोधकांनी जन्मतः एक कान नीट न घडलेल्या ५ मुलांना त्यांच्याच पेशींपासून वाढवलेला कान बसवल्याचं प्रसिद्ध केलं. पण कानावर कोणी उभं राहत नाही. गुडघ्याची परीक्षा वेगळी आहे.

ती परीक्षा काय आहे, हे दाखवणारा माझा सर्वात आवडता प्रयोग अंतराळात झाला. लिसा फ्रीड आणि गॉर्दाना व्हुनयाक-नोव्हाकोविच यांच्या गटाने वासराच्या पेशींपासून कूर्चेच्या चकत्या तीन महिने पृथ्वीवर वाढवल्या. मग त्यातल्या काही रशियाच्या मीर अंतराळस्थानकावर पाठवल्या आणि काही इथेच ठेवल्या. १९९६ च्या सप्टेंबरपासून १९९७ च्या जानेवारीपर्यंत, चार महिने. परत आणल्यावर दिसलं की अंतराळातल्या चकत्या गोळ्यांसारख्या गरगरीत झाल्या होत्या, आकाराने लहान होत्या आणि दाबाला कमी पुरत होत्या. पृथ्वीवरच्या चकत्या जास्त बळकट होत्या. वजन नाही तिथे कूर्चेला ताकदीने वाढायचं कारणच उरत नाही.

माणसातही हेच दिसतं. पाठीच्या कण्याला दुखापत होऊन पाय लुळे पडलेल्या लोकांच्या गुडघ्यातली कूर्चा महिन्यागणिक पातळ होत जाते. आणि हौसेने धावणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण बैठं काम करणाऱ्यांपेक्षा कमी आढळतं. म्हणून आता बायोरिअ‍ॅक्टर नावाच्या यंत्रात वाढत्या कूर्चेला दर सेकंदाला एकदा, चालण्याच्या तालात, हलकेच दाबून सोडतात. दाबाला तोंड देणारी ताकद आता खऱ्या कूर्चेच्या जवळ नेता येते. कोलॅजेनचं प्रमाण आणि ओढ सोसायची ताकद मात्र मागे पडते. त्यात आणखी एक अडचण शिल्लक राहते: नवा तुकडा कितीही चांगला असला तरी जुन्या कूर्चेच्या कडेशी तो एकजीव होत नाही. दोन्ही बाजूंची जाळी दाट, पेशी कोंडलेल्या. टाचणीच्या टोकाएवढी फटही भाराखाली रुंदावत जाते.

मूलपेशींचं काय? मज्जेतल्या मूलपेशींना कूर्चापेशी बनवता येतं, पण त्यांची ओढ पुढे जायची असते. लहान मुलांची उंची वाढते ती हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेचं हाडात रूपांतर होऊन. मूलपेशींपासून बनलेली कूर्चा पुष्कळदा तोच रस्ता धरते. पेशी फुगतात, टाइप १० कोलॅजेन बनवतात आणि चुना साचायला लागतो. सांध्याच्या पृष्ठभागावर हाड झालेलं कोणालाच नको आहे. त्यांना मधल्या टप्प्यावर थांबवून ठेवणं हे सध्याच्या संशोधनाचं मोठं काम आहे.

आपल्याकडे, आणि जाहिरातींमध्ये

भारतात रुग्णाच्या स्वतःच्या वाढवलेल्या कूर्चापेशींना औषध महानियंत्रकांची मान्यता २०१७ मध्ये मिळाली. मुंबईच्या कंपनीचं कार्टिग्रो हे ते उत्पादन. आयआयटी गुवाहाटीत बिमान मंडल यांचा गट ईशान्येकडच्या रेशमापासून आधारजाळ्या बनवतो. मुगा रेशमातल्या प्रथिनात पेशींना पकड देणारा एक छोटा क्रम मुळातच असतो, जो तुतीच्या रेशमात नसतो. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सच्या, दात्यांच्या मज्जेतल्या मूलपेशींपासून केलेल्या इंजेक्शनला गुडघ्याच्या संधिवातासाठी २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

पण भगदाड आणि झीज यांत फरक आहे, आणि जाहिराती तोच पुसून टाकतात. खेळताना पडून तिशीतल्या माणसाच्या कूर्चेत दोन-चार चौरस सेंटीमीटरचं भगदाड पडलं आणि भोवतालची कूर्चा निरोगी असली, तर त्याच्यासाठी हे पेशींचे उपचार आहेत. साठीतल्या बाईचा गुडघा झिजतो तेव्हा कूर्चेबरोबर खालचं हाड, सांध्याचं अस्तर, मेनिस्कस आणि स्नायू सगळंच बिघडत असतं. दुखतं तेही हाड आणि अस्तर, कारण कूर्चेत मज्जातंतूच नाहीत. तिथे नुसत्या पेशी सोडणं म्हणजे त्याच बिघडलेल्या सांध्यात, त्याच दाहात त्यांना ढकलणं. ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांची अमेरिकेत १,५८३ रुग्णांवर चाचणी झाली, तिचा निकाल २००६ मध्ये आला. एकूण रुग्णांत त्या गोळ्या औषध नसलेल्या नकली गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

"स्टेम सेलने गादी पुन्हा तयार करून देतो" म्हणून लाखाचा आकडा सांगणारी जागा दिसली तर तीन गोष्टी विचाराव्यात. या उत्पादनाला औषध महानियंत्रकांची मान्यता आहे का? नसेल आणि ही चाचणी असेल, तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला तिचा नोंदणी क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर पैसे कसले? मूलपेशींबाबतच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेला मूलपेशी उपचार फक्त चाचणीतच देता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. वेदना कमी होणं आणि एमआरआयवर नवी कूर्चा दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या विचाराव्यात.

दरम्यान जी कूर्चा शिल्लक आहे तिच्यासाठी आज हातात असलेले उपाय साधे आहेत, म्हणून त्यांना कमी लेखलं जातं याची मला खंत वाटते. वजन १ किलोने उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी कमी होतो. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम भार वाटून घेतो. दुखतं म्हणून हलायचंच बंद केलं तर कूर्चेचं अन्नपाणीही कमी होतं.

नाकातल्या पेशी गुडघ्यात

सध्या मला सगळ्यात आशादायक वाटतं ते स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठातलं इव्हान मार्टिन यांच्या गटाचं काम. त्यांनी पेशींचा स्रोतच बदलला. नाकाच्या पडद्यातून कूर्चेचा छोटा तुकडा काढायचा, भूल फक्त त्या जागेपुरती द्यायची. नाकातल्या पेशी वय वाढलं तरी जोमाने वाढतात आणि चांगली कूर्चा बनवतात. नाक आणि गुडघा गर्भात वेगवेगळ्या मुळांतून घडतात, म्हणून नाकाची पेशी गुडघ्यात रुळेल का अशी शंका होती. पण या पेशी नव्या जागेशी जुळवून घेतात असं प्राण्यांमधल्या प्रयोगांत दिसलं. २०१६ मध्ये पहिल्या १० रुग्णांचे निकाल आले.

त्यानंतरची चाचणी चार देशांत ९८ रुग्णांवर झाली आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची मांडणी मला फार आवडली. दोन्ही गटांना नाकातल्याच पेशी दिल्या. फरक एवढाच की एका गटाचा तुकडा प्रयोगशाळेत दोनच दिवस ठेवला होता आणि दुसऱ्याचा दोन आठवडे, म्हणजे पेशींनी आधीच स्वतःभोवती कूर्चेचं थोडं बांधकाम केलेलं होतं. दोन्ही गटांना आराम पडला, पण दोन आठवडे मुरलेल्या तुकड्याचे रुग्ण दुसऱ्या वर्षातही सुधारत राहिले, आणि मोठ्या भगदाडांमध्ये हा फरक जास्त होता. हा गट आता वाटीमागच्या सांध्याच्या संधिवातावर हीच मुरलेली कूर्चा तपासायच्या तयारीला लागला आहे. म्हणजे भगदाडाच्या पलीकडे जाऊन, झिजलेल्या सांध्यावर.